‘आग लागल्यास मुलांना वर्गातच बसवा’ हा सल्ला मुलांच्या जिवावर उठणारा आहे

‘शाळेत आग लागल्यास मुलांचे प्राण वाचवणारे सात नियम’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. तो ‘एका निवृत्त अग्निशमन अधिकाऱ्यांनी’ लिहिला असल्याचे त्यात म्हटले आहे. मात्र त्या अधिकाऱ्यांचे नाव, ते कोणत्या दलात होते, त्यांनी हे कोठे आणि कधी सांगितले, यांपैकी काहीही दिलेले नाही. माझ्या वहिनी तिसरीच्या वर्गाला शिकवतात. त्यांनी हा संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, ‘भावोजी, उद्या परिपाठात वाचून दाखवते. बरोबर आहे ना सगळं?’ असले संदेश मी एरवी वाचून सोडून देतो, पण ज्या शिक्षिकेला प्रसंगी मुलांना जिन्यावरून खाली उतरवायचे आहे तिच्याच हाती हा मजकूर नियम म्हणून पडत असेल, तर गप्प राहता येत नाही.

संदेशातले सात नियम थोडक्यात असे आहेत. आग दिसताच मुलांना जागेवर बसवावे आणि मुख्याध्यापकांचा आदेश येईपर्यंत धोक्याची घंटा कोणीही वाजवू नये. आगीपेक्षा चेंगराचेंगरीत जास्त मुले मरतात, म्हणून मॉक ड्रिल बंद करावे. अनोळखी माणसे आत शिरू नयेत यासाठी मुख्य दरवाजा सोडून बाकीची दारे कुलूपबंद ठेवावीत. नाकाला ओला रुमाल बांधला की धुरातून दहा मिनिटे सुरक्षित चालता येते. जिन्यात धूर असेल तर गच्चीवर जावे. प्रत्येक मजल्यावर अग्निशामक सिलिंडर असेल, तर छोट्या शाळेला वेगळ्या आराखड्याची गरज नाही. आणि बातमी कळताच पालकांनी शाळेत पोहोचून आपापले मूल घरी न्यावे.

यांतला पहिला नियम सर्वांत घातक आहे. तो पाळला गेला तर काय होते, याची नोंद जगासमोर आहे. १ डिसेंबर १९५८ रोजी शिकागो शहरातील ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या शाळेत दुपारी, शाळा सुटायला थोडाच वेळ उरला असताना, तळघरात जिन्याच्या पायथ्याशी ठेवलेल्या कचऱ्याच्या पिंपात आग लागली. इमारत अवघी दोन मजली होती. खालच्या मजल्यावर जिन्याला दार होते आणि ते बंद होते. वरच्या मजल्यावर मात्र दारच नसल्यामुळे जिन्याच्या पोकळीतून चढलेला धूर आणि तापलेले वायू थेट वरच्या वर्गांसमोरच्या मार्गिकेत पसरले. वरच्या मजल्यावरील एका शिक्षिकेला धूर जाणवला. तिने शेजारच्या वर्गातील शिक्षिकेला सांगितले आणि ती मुख्याध्यापिकेला शोधायला निघाली, कारण वरिष्ठांच्या परवानगीवाचून घंटा वाजवायची नाही, असा शाळेचा दंडक होता. मुख्याध्यापिका त्यांच्या खोलीत नव्हत्या. त्या दिवशी गैरहजर असलेल्या एका शिक्षिकेचा वर्ग त्या घेत होत्या. शेवटी त्या दोघी शिक्षिकांनी स्वतःच्या जबाबदारीवर आपापले वर्ग बाहेर काढले, आणि त्या वर्गांतली मुले वाचली. त्यानंतर परत येऊन घंटेचा खटका ओढला तेव्हा घंटा वाजली नाही. ती वाजली पुढच्या प्रयत्नात. तोपर्यंत वरच्या मजल्यावरील इतर वर्गांना बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. काही वर्गांत मुलांना बाकांवर बसून प्रार्थना करायला सांगण्यात आले. खिडक्या जमिनीपासून सुमारे २५ फूट उंचीवर होत्या आणि मुलांनी त्यांतून उड्या टाकल्या. त्या आगीत ९२ मुले आणि ३ शिक्षिका-नन मृत्युमुखी पडल्या.

परवानगीसाठी मुख्याध्यापकांना शोधण्यात गेलेली ती काही मिनिटे, आणि जागेवर बसलेली ती मुले: संदेशातला पहिला नियम नेमका हाच आहे, आणि तो ‘प्राण वाचवणारा’ म्हणून वाटला जातो आहे. मुख्याध्यापक बैठकीला गेलेले असू शकतात, रजेवर असू शकतात, धुरापलीकडच्या टोकाला असू शकतात. म्हणून नियम उलटा हवा. ज्याला आग किंवा धूर प्रथम दिसेल त्याने, मग तो शिक्षक असो, शिपाई असो वा सातवीतली मुलगी असो, घंटा वाजवावी. मुख्याध्यापकांना नंतर कळवावे. घंटा चुकून वाजली तर एक तास वाया जाईल. तेवढ्यासाठी कोणाला शिक्षा होणार नाही, हे शाळेने सर्वांना आधीच स्पष्ट सांगून ठेवले पाहिजे, कारण रागावण्याच्या भीतीने थांबलेला हात हीदेखील परवानगीची वाट पाहण्याचीच एक तऱ्हा आहे.

या नियमात एक अर्धसत्य आहे आणि ते मान्य करावे लागेल. बाहेरची मार्गिका आधीच दाट धुराने भरली असेल, दार उघडण्यापूर्वी हाताची मागची बाजू लावल्यावर ते गरम लागत असेल आणि दुसरी वाट नसेल, तर वर्गात थांबणेच शहाणपणाचे ठरते. तेव्हा दार लावून घ्यावे, खालची फट दप्तरांनी किंवा कपड्यांनी बुजवावी, खिडकीशी जावे आणि आपण येथे आहोत हे बाहेरच्यांना दिसेल-ऐकू येईल असे करावे. परंतु हा सगळ्या वाटा बंद झाल्यानंतरचा उपाय आहे. तो पहिला उपाय म्हणून शिकवला, तर उघड्या असलेल्या वाटाही मुले बसून असतानाच बंद होतात.

मॉक ड्रिल बंद करण्याचा दुसरा नियम आणि दारे कुलूपबंद ठेवण्याचा तिसरा नियम यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, कारण चेंगराचेंगरीची भीती दाखवून संदेश ज्या दोन गोष्टी सुचवतो त्या दोन्हींमुळे चेंगराचेंगरीचा धोका वाढतो. गर्दीत मुले चिरडून मरतात, हे खरे आहे. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधील संडरलंड गावी व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी खेळ होता. शेवटी रंगमंचावरून भेटवस्तू वाटल्या जाऊ लागल्या, तशी वरच्या गॅलरीतली मुले जिन्यावरून खाली धावली. जिन्याच्या तळाशी असलेले दार आतल्या बाजूला उघडणारे होते आणि एका वेळी एकच मूल बाहेर पडेल इतकी फट ठेवून ते बोल्टने अडकवलेले होते. त्या दारामागे १८३ मुले गुदमरून मेली. आग लागलेली नव्हती, धूर नव्हता. होते ते अडकवलेले दार. आतून नुसते ढकलले की उघडणारा, दाराच्या रुंदीभर आडवा दांडा असलेला बोल्ट पुढे तयार झाला, तो या दुर्घटनेनंतर. अनोळखी माणसे शाळेत शिरण्याची पालकांची भीती खरी आहे, आणि तिच्यावरचा उपायही हाच दांडा आहे: बाहेरून दार उघडत नाही, आतून कोणत्याही मुलाच्या धक्क्याने उघडते. कुलपाची किल्ली ज्या शिपायाच्या खिशात असते तो नेमका त्या वेळी त्या दाराशी असेल, यावर कोणाही मुलाचा जीव टांगून ठेवता येणार नाही.

सरावाचे प्रयोजनही संदेशाला समजलेले नाही. घाबरलेला माणूस ज्या दाराने आत आला त्याच दाराकडे धावतो, मग जवळच दुसरे मोकळे दार का असेना. मुलांनी रोज वापरलेला जिना एकच असेल तर घंटा वाजल्यावर सगळी शाळा त्या एका जिन्यावर लोटेल, आणि चेंगराचेंगरी होईल ती तेथे. ती टाळण्यासाठीच सराव असतो. कोणता वर्ग कोणत्या जिन्याने उतरणार, कोणाच्या मागे कोण, रांगेच्या पुढे कोण आणि शेवटी कोण, हे पायांना सवयीचे व्हावे लागते. चांगल्या सरावात एखादा नेहमीचा जिना मुद्दाम बंद केला जातो: तेथे ‘आग’ असे लिहिलेला फलक घेऊन एक जण उभा राहतो आणि रांगेला तेथल्या तेथे वळून दुसरी वाट धरावी लागते. पहिल्या खेपेला रांग तेथे हमखास अडते, मागची मुले पुढच्यांवर आदळतात, शिक्षिका गोंधळून मागे बघतात. हा गोंधळ सरावात झालेला परवडतो. स्वच्छतागृहात कोण बघणार, प्रयोगशाळेतला गॅस कोण बंद करणार, कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलाबरोबर कोण असणार आणि तो माणूस रजेवर असला तर दुसरा कोण, हे प्रश्नही कागदावर सुटत नाहीत. सराव घेतला की त्यांतला प्रत्येक प्रश्न समोर येऊन उभा राहतो. म्हणूनच सराव दरवेळी एकाच ठरलेल्या तासाला घेऊ नये. मधल्या सुटीत, मुले विखुरलेली असताना घेतलेला एक सराव वर्गातल्या अनेक सरावांपेक्षा अधिक शिकवतो.

येथेही एक गोष्ट मान्य करतो. खोटा धूर सोडणे, किंकाळ्या फोडणे, लहान मुलांना काहीही न सांगता एकदम बाहेर पळवणे, असले सराव काही ठिकाणी होतात आणि ते चुकीचे आहेत. लहान वर्गांना आधी सांगावे, वाट चालून दाखवावी, घंटेचा आवाज ऐकवावा. मोठ्या आवाजाने अस्वस्थ होणाऱ्या मुलांची वेगळी तयारी करून घ्यावी. पण एखाद्याने सराव वाईट घेतला म्हणून सरावच नको, हा निष्कर्ष कोणत्याही जबाबदार माणसाला काढता येणार नाही.

ओल्या रुमालाचा नियम सोपा वाटतो आणि म्हणूनच तो सर्वांच्या लक्षात राहतो. ओले कापड काजळीचे काही कण अडवते, घशाची जळजळ थोडी कमी करते. त्याचा उपयोग एवढाच. धुरात माणसे मरतात ती प्रामुख्याने कार्बन मोनॉक्साइड या वायूने, आणि त्याला रंग नाही, वास नाही व ओल्या कापडाचा अडथळाही नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते, त्यामुळे श्वास चालू असतानाही शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. फोम आणि प्लॅस्टिक जळताना हायड्रोजन सायनाइडही बाहेर पडू शकतो. ‘दहा मिनिटे सुरक्षित’ हा आकडा संदेशात कोठून आला ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक, पण त्यावर विश्वासून एखादा मुलगा रुमाल भिजवायला नळाकडे गेला आणि मग धुरात शिरला, तर तो दोनदा फसेल. मुलांना शिकवायचे ते असे: धुरात शिरू नका, दुसरी वाट धरा, आणि थोड्या धुरातून जाण्यावाचून गत्यंतरच नसेल तर जमिनीलगत रांगत जा, कारण खालची हवा तुलनेने स्वच्छ आणि थंड असते.

गच्चीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. धूर वरच जातो, जिना हेच त्याचे धुराडे असते आणि गच्चीच्या दाराला बहुधा कुलूप असते. संदेशाने लिफ्टचा उल्लेख केलेला नाही, तरी सांगून ठेवतो की आगीत लिफ्ट वापरायची नाही.

‘सिलिंडर आहे, मग आराखडा कशाला’ हा सहावा नियम ज्यांना पटतो त्यांनी पुन्हा शिकागोच्या त्या शाळेकडे पाहावे. तेथे सिलिंडर होते, पण ते जमिनीपासून सात फूट उंचीवर टांगलेले होते. आगीच्या काही आठवडे आधी शाळेची तपासणी झाली होती आणि शाळा तिच्यात उत्तीर्ण झाली होती, कारण जुन्या इमारतीला नवे नियम लागू नव्हते. छोट्या शाळेला धोका नसतो, या समजाला उत्तर तमिळनाडूतील कुंभकोणमने दिलेले आहे: १६ जुलै २००४ रोजी तेथील शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग वर्गांवरच्या झावळ्यांच्या छपरापर्यंत पोहोचली आणि ९४ मुले गेली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने, सुरक्षित शाळेत शिकणे हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे असे मानून, शाळांमध्ये आग विझवण्याची साधने ठेवण्याबरोबरच ती वापरण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना देण्याचेही निर्देश दिले. सिलिंडर हे कचऱ्याच्या डब्याएवढ्या आगीसाठीचे साधन आहे. नेहमीच्या लहान सिलिंडरमधली पावडर काही सेकंदांतच संपते. तो शिकलेल्या मोठ्या माणसाने, पाठीशी बाहेरची वाट मोकळी ठेवून, ज्वाळांच्या बुडाशी मारायचा असतो, आणि तेही मुले निघाल्यावर किंवा निघत असताना. विझते का पाहू, मग मुलांना उठवू, असे कधीही नाही.

राहिला शेवटचा नियम. आपले मूल उचलून घरी नेण्याची पालकांची ओढ मी समजू शकतो, परंतु तिचे परिणाम ठाऊक असले पाहिजेत. बाहेर ठरलेल्या जागी पोहोचल्यावर शिक्षक हजेरीपटावरून मुलांची मोजणी करतात, आणि आत कोणी राहिले आहे का याचे एकमेव उत्तर त्या मोजणीतून मिळते. एखाद्या पालकाने न सांगता मूल नेले, तर ते मूल कागदावर आतच राहते आणि घरी बसलेल्या त्या मुलाला शोधायला अग्निशमन दलाचा जवान धुरात शिरतो. शिवाय फाटकासमोर दुचाक्या आणि मोटारी उभ्या राहिल्या की बंबाला आत यायला जागा उरत नाही. पालकांनी गाडी दूर लावावी, फाटकापासून लांब थांबावे, आणि मोजणी पूर्ण होऊन वर्गशिक्षकांनी नाव पुकारल्यावर, सही करूनच मूल ताब्यात घ्यावे.