चार्ट नंतर, आधी पाठ दाखवा

वयस्कर पेशंटच्या वॉर्डला इनचार्ज म्हणून बरीच वर्षं काढलीत. नवीन इनचार्ज झालेल्या मुली येऊन एकच विचारतात, मॅडम स्टाफ ऐकत नाही, काय करू? म्हणून आज लिहितेच.

मी पण सुरुवातीला राऊंडला गेले की आधी चार्ट उघडायचे. दर 2 तासांनी कूस बदलली का, सही आहे का, झालं. सह्या कायम पूर्ण असायच्या. मग एका सकाळी एका आजींना पुसताना मी स्वतः हात लावला तर माकडहाडाच्या वर लाल चट्टा, बोटाने दाबून सोडला तरी पांढरा पडेना, म्हणजे बेडसोअरची (एकाच कुशीवर पडून दाब आल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात. आणि रात्रभराच्या सह्या एकाच पेनने, एका दमात केलेल्या!

मी त्या सिस्टरला सगळ्यांसमोर नको नको ते बोलले. चूक झाली माझी, कारण त्यानंतर लाल झालेलं मला कुणी सांगेचना.

पुढे तिच्याबरोबर मी एक अख्खी नाईट केली तेव्हा डोळे उघडले. ती आणि एक मावशी, बस. अंगाने जड आजोबांना कुशीवर घ्यायचं तर दोघी लागतात, नाहीतर कंबर कामातून जाते किंवा पेशंट चादरीवरून ओढला जातो आणि कातडी सोलते, आणि नेमकी तेव्हाच पलीकडच्या आजी बाथरूमला एकट्याच उठलेल्या, मावशी तिकडे धावली. त्या पडल्या आणि खुबा मोडला तर? मग 2 वाजताची कूस राहते ती अशी.

डोरीन नॉर्टन नावाच्या नर्सने 1962 मध्ये म्हाताऱ्या पेशंटसाठीच स्केल दिली. तब्येत, मनाची अवस्था, चालणं, हालचाल आणि लघवी-संडासवर ताबा, प्रत्येकाला 1 ते 4 मार्क, बेरीज 14 किंवा कमी आली की बेडसोअरचा धोका. बहुतेक ठिकाणी ती ॲडमिशनला भरतात आणि फाईलमध्ये पडून राहते. मी ती ड्युटी लावताना समोर ठेवते. कमी मार्कवाले सगळे एकीच्याच वाट्याला द्यायचे नाहीत, आणि कूस बदलायच्या वेळी दुसरी कोण येणार तिचं नाव आधीच ठरलेलं पाहिजे.

आणि हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देतात तेव्हा, मावशींना उभं करा हो! "आजोबा आज शांत आहेत" असं सिस्टर म्हणाली की मी मावशींना विचारते, जेवले का, ओळखलं का तुम्हाला? एकदा मावशी म्हणाल्या, नाही ओ, घास तोंडातच धरून बसले, डोळे मिटमिट करतात. ताप नव्हता. तरी डॉक्टरांना बोलावलं, लघवीचं इन्फेक्शन निघालं. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शनमध्ये ताप येईलच असं नाही, नुसतं गप्प पडून राहणं हेच लक्षण असू शकतं, आणि आपण त्याला शांत म्हणून मोकळे होतो. चार्टमध्ये हे कुठे लिहिणार?

आता मी आधी पाठ, टाचा, तोंड बघते. चार्ट नंतर. ओरडणं बंद केलं. परवा पहाटे त्याच सिस्टरचा फोन, "मॅडम, 2 ची कूस राहिली, टाच लाल दिसतेय, येता का?" मी उशी घेऊनच गेले, दोघींनी मिळून टाच अधांतरी केली, आणि मग चार्टवर तिने 2 चा रकाना रिकामा ठेवून खरी वेळ लिहिली.