ग्रामीण विनोदी चित्रपटात कोण कोणाला हसतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. 'आपल्या ग्रामीण विनोदी चित्रपटांत गावकुसाबाहेरची माणसं येतात ती फक्त निरोप द्यायला नाहीतर मार खायला', हे माझं वाक्य तुम्हाला खटकलं. दोन घटका हसायला गेलेल्याला जातीचा हिशेब कशाला मांडायला लावता, दिग्दर्शकाने काय प्रत्येक समाजाचा कोटा भरायचा, त्या विषयासाठी 'फँड्री'सारखे गंभीर चित्रपट आहेतच की, आणि गाव, जात, बोली इतक्या नेमकेपणाने दाखवायला गेलं तर विनोदच मरतो, असं तुमचं म्हणणं.

कोटा मी मागतच नाही. पाटलाच्या ओसरीवर चार निराळ्या आडनावांची माणसं नुसती बसवून काय होणार? पडद्यावरच्या गावात विनोद करतं कोण आणि तो होतो कोणावर, एवढंच मी विचारतोय.

विनोदात जात आणू नका म्हणता, पण मराठी ग्रामीण विनोद आला कुठून? बराचसा तमाशातून. आणि तमाशा जगवला तो मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी. दिवसा ज्यांना वाड्याची पायरी चढायची मुभा नव्हती, ते रात्री बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादांच्या भागात, पाटलाची, सावकाराची, शिपायाची सगळ्यांदेखत टर उडवायचे. चित्रपटाने ती संवादफेक घेतली, लावणी घेतली, सोंगाड्या घेतला. ज्यांची ही कला, ते मात्र पडद्यावर घरगडी झाले. घाबरट, तोतरे, धोतर सावरत पळणारे. याचं मला खरंच वाईट वाटतं.

'फँड्री'चं नाव तुम्हीच काढलंत, तर त्यातला डुक्कर पकडण्याचा प्रसंग आठवा. नायक जब्या आणि त्याच्या घरचे डुकरामागे धावतायत आणि गाव मजा बघत हसतंय. गावाच्या लेखी तो विनोदी प्रसंगच आहे! नागराज मंजुळेंनी कॅमेरा जब्याच्या बाजूला ठेवला, म्हणून ते हसू आपल्याला बोचतं. हाच प्रसंग गावाच्या बाजूने चित्रित झाला असता तर थिएटरही हसलं असतं. शिवाय भटक्या-दलितांच्या वाट्याला फक्त गंभीर चित्रपट आणि हसण्या-हसवण्याचा हक्क बाकीच्यांना, ही वाटणी मला मान्य नाही.

बोलीचंही तेच. वर्षानुवर्षं ग्रामीण म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याकडची बोली, असंच चाललं. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारा आला की तो बहुतेक वेळा हशापुरता.

नेमकेपणाने विनोद मरतो, ही तुमची भीती मात्र सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) पाहिल्यावर राहू नये. विदर्भातलं गाव. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केलेली, त्यामुळे अलका धास्तावते आणि नवऱ्यावर, किसनावर, पोराला नि सासूला पाळत ठेवायला लावते. त्याला काही कळत नाही, आपल्याला सगळं कळतं. आपण हसतो आणि पोटात खड्डाही पडतो. ही गंमत कुठल्याही गावाला चालेल अशी नाहीच, ती त्या कोरडवाहू शिवाराची आहे. त्या माणसांना हसताना आपण त्यांच्यापेक्षा शहाणे ठरत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

मला आता ऊसतोडीच्या टोळीवरचा विनोदी चित्रपट पाहायचाय. बीडकडून निघालेली टोळी, उसाच्या फडावरची कोपी म्हणजे झोपडी, आणि मुकादमाची हुबेहूब नक्कल करून सगळ्यांना लोळवणारी एखादी तोडणीवाली बाई नायिका. असं काही तुमच्या पाहण्यात असेल तर नाव जरूर कळवा.