डावललेल्या हाताची शिकवणी

मराठी भाषेने या प्रकरणात आधीच निकाल देऊन ठेवलाय. दोघांत जो सरस तो ‘उजवा’, आणि ज्याला वगळायचं त्याला ‘डावलायचं’. दोन्ही हातांनी सारखेच बाण मारणाऱ्याला सव्यसाची म्हणतात खरं, पण ती पदवी अर्जुन घेऊन गेला. आपल्या वाट्याला टूथब्रश.

टूथब्रशच, कारण ‘डाव्या हाताने दात घासा, उजवा मेंदू जागा होईल’ हा सल्ला कोणीही कोणालाही देतं, आणि माझ्यासारखे आज्ञाधारक लोक तो पाळतातही. पहिले दहा सेकंद मजेत जातात. समोरचे दात कुठल्याही हाताने घासले जातात. परीक्षा असते ती डावीकडच्या वरच्या दाढांच्या आतल्या अंगाला. ब्रशचे केस हिरडीशी साधारण ४५ अंशांत टेकवायचे आणि मनगटातून बारीक बारीक हलवायचे, एवढंच. पण न शिकलेला हात मनगट हलवतच नाही. ते तो गच्च आवळून धरतो आणि खांद्यापासून अख्खा हात चालवतो. एकमेकांच्या विरुद्ध ओढणारे स्नायू एकदम ताठ होतात, म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबलेला. ब्रश जागच्या जागी राहतो आणि डोकं हलू लागतं. ब्रश स्थिर ठेवून त्यावर दात फिरवायची ही पद्धत अजून कुठल्या दंतवैद्याने सुचवल्याचं ऐकिवात नाही.

तेवढ्यात रिकामा उजवा हात हवेत तेच हातवारे करायला लागतो. घाबरू नये. एका हातासाठी सुटलेला हुकूम थोडासा दुसऱ्या बाजूलाही सांडतो. लहान मुलांत हे सर्रास दिसतं, दहाव्या वर्षाच्या आसपास ओसरतं, आणि काम अवघड असलं की मोठेपणीही डोकं वर काढतं. जीभ बाहेर येते ती वेगळीच. तिला कोणी बोलावलेलं नसतं.

राहिला प्रश्न उजव्या मेंदूला जागं करण्याचा. तो झोपलेला नसतोच. डाव्या हाताची सूत्रं उजव्या गोलार्धाकडे आहेत हे खरं. हालचालींचे हुकूम खाली नेणारे बहुतेक तंतू मेंदूच्या देठाशी बाजू बदलतात. पण दोन्ही गोलार्धांच्या मध्ये सुमारे २० कोटी तंतूंचा पूल आहे आणि त्यावरची रहदारी कधी थांबत नाही. हा पूल शस्त्रक्रियेने कापलेल्या रुग्णांवरच्या संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ साली नोबेल मिळालं. त्याचा लोकांनी काढलेला अर्थ असा की डावा मेंदू हिशेबनीस आणि उजवा कलावंत. भाषेपुरती वाटणी आहे, नाही असं नाही: ती उजव्या हाताच्या सुमारे ९५ टक्के लोकांत डाव्या गोलार्धात असते, आणि डावखुऱ्यांतही ७० टक्क्यांच्या आसपास तिथेच. पण युटा विद्यापीठाने २०१३ मध्ये हजारावर मेंदूंचे स्कॅन तपासले, तेव्हा एकूण कारभारात एकच अर्धा वरचढ असलेली माणसं काही सापडली नाहीत. डाव्या हाताने दात घासून फार तर दात स्वच्छ होतील, तेही अर्धवट.

हे खूळ नवीन नाही. लंडनमध्ये १९०३ साली दोन्ही हातांच्या प्रसारासाठी चक्क एक संस्था निघाली होती. तिचा प्रवर्तक जॉन जॅक्सन याचं स्वप्न होतं की माणसाने एका हाताने पत्र लिहावं आणि त्याच वेळी दुसऱ्याने पियानो वाजवावा. जमेल असं ज्यांना वाटतं त्यांनी खुर्चीत बसून उजवं पाऊल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावं आणि उजव्या हाताने हवेत इंग्रजी सहाचा आकडा काढावा. पाऊल उलटं फिरतं. पियानोचं नंतर बघू.

डाव्या हाताने लिहिण्याची शिकवणी मात्र घेता येते. पेन टोकापासून तीनेक सेंटीमीटरवर धरा. कागदाचं वरचं टोक उजवीकडे झुकवा, साधारण ३० अंश; सरळ कागदावर मनगट हुकासारखं वळतं आणि हात ताज्या शाईवरून घसटत जातो. उजवा हात पेन ओढत नेतो, डावा ढकलतो, म्हणून टोकदार निब कागदात रुतते. मऊ पेन्सिल घ्या. अक्षरं आधी फळ्यावर वीतभर काढा, मग वहीत उतरवा. दिवसाला दहा मिनिटं पुष्कळ झाली, त्यापुढे हात रुसतो. आणि शिरोरेषा चुकून उजवीकडून डावीकडे ओढली गेली तर तसंच चालू द्या. डाव्या हाताचा ओढा आरशातल्यासारखं लिहिण्याकडेच असतो. लिओनार्दो दा विंचीने वह्याच्या वह्या तशाच भरल्या.

कात्रीच्या वाटेला मात्र जाऊ नये. नेहमीच्या कात्रीत उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं नकळत पाती एकमेकांवर दाबतात. डाव्या हातात तोच दाब पाती फाकवतो, आणि कागद कापला न जाता मधोमध दुमडून बसतो. यात कात्रीचा दोष नाही, हाताचाही नाही. डावखुऱ्यांसाठी उलट पात्यांची कात्री असते, ती घ्यावी.

पण खरी गोम डाव्या हातात नाहीच. तो रिकामटेकडा आहे असं आपण उगीच धरून चालतो. खिळा कोण धरतं? सुई कोण धरतं, दोरा ओवताना? लिहिताना कागद कोण सरकवतं? कागदाखाली कार्बन आणि त्याखाली एक कोरा कागद टेबलाला चिकटवून पानभर लिहून बघा. वरच्या पानावर ओळी सुबक, आणि खाली सगळ्या ओळी एकमेकींवर चढून थोड्याशा जागेत कोंबलेल्या. पेन फारसं खाली उतरलेलंच नसतं. डावा हात कागद वर वर सरकवत होता. ईव्ह गियार या फ्रेंच संशोधकाने १९८७ साली हेच मांडलं: एक हात आधी पोचून चौकट लावून देतो, दुसरा त्या चौकटीत बारीक काम करतो. म्हणजे हात बदलले की एक नाही, दोन नवशिके कामाला लागतात. डाव्याला पेन धरायला शिकवताना उजव्याला कागद धरायला कोणी शिकवत नाही. तो रुबाबात कागदावर पंजा ठेवून बसतो आणि ओळ उतरंडीला लागते.

डाव्याचा हमखास विजय एकाच ठिकाणी आहे. तळहात वर वळवणारी पिळाची ताकद दंडाच्या बेटकुळीतून येते, कोपर काटकोनात असताना सर्वांत जास्त. उजव्या हाताचा हा पीळ स्क्रू आवळतो; डाव्याचा तोच पीळ स्क्रू सोडवतो. म्हणून भिंतीवरच्या फळीचा जाम झालेला स्क्रू काढायचा असेल तर स्क्रूड्रायव्हर डाव्या हातात घ्यावा. कुरकुर करत का होईना, स्क्रू निघतो. फळी मात्र तेव्हा उजव्या हाताने धरलेली असते.