कुर्स्कची चढाई : केवळ प्रचार नव्हे

युक्रेनची रशियाच्या कुर्स्क प्रांतातील चढाई हा निव्वळ प्रचाराचा खटाटोप होता, असे मत एका लेखात मांडले गेले; ते मला अपुरे वाटते. ६ ऑगस्ट २०२४ रोजी युक्रेनचे सैन्य सीमा ओलांडून रशियात शिरले आणि काही दिवसांत सुजा हे छोटे शहर त्याच्या ताब्यात आले. त्यापूर्वी फेब्रुवारीत पूर्व युक्रेनमधील अव्दिइव्का हे शहर रशियाच्या हाती पडल्यापासून युक्रेनच्या जनतेने सलग माघारीच्याच बातम्या ऐकल्या होत्या. अशा काळात आपले सैन्य पुढेही जाऊ शकते, हे प्रत्यक्ष दिसण्याचे मोल नकाशावर मोजता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच परकीय सैन्याने रशियाचा भूभाग व्यापला होता आणि लाखाहून अधिक नागरिकांना घरे सोडावी लागली, त्यांचे हालही विसरता कामा नयेत. सक्तीच्या लष्करी सेवेतील रशियन तरुणांना युद्धात धाडणार नाही, असे पुतिन यांनी सांगितले होते. तेच तरुण सीमेवर युद्धकैदी झाले. २४ ऑगस्टच्या अदलाबदलीत त्यांच्या मोबदल्यात ११५ युक्रेनी सैनिक घरी परतले. त्या कुटुंबांसाठी याला प्रचार म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मात्र या चढाईमुळे पूर्व युक्रेनच्या डोनेत्स्क प्रांतातील पोक्रोव्स्क शहरावरील रशियाचा दबाव कमी होईल, ही अपेक्षा फोल ठरली. डोनेत्स्कमध्ये रशियाची आगेकूच चालूच राहिली, उत्तर कोरियाचे सैनिक कुर्स्कमध्ये उतरले आणि मार्च २०२५ मध्ये सुजाही हातचे गेले. युक्रेनने आपल्या अनुभवी तुकड्या कुर्स्कमध्ये इतके महिने अडकवून ठेवण्याचा निर्णय माझ्या मते चुकलाच, कारण वाटाघाटीत वापरायचा भूभाग वाटाघाटींपूर्वीच निसटला.