रॉकनी हरला होता, सर

ताईचा फोन रात्री साडेदहाला आला. म्हणजे तिकडे सांगलीत सकाळचे नऊ. भाचा दोन दिवस धड जेवला नव्हता. नववीत आहे, शाळेच्या कबड्डी संघात चढाई करतो. तालुक्याच्या सामन्यात दोन गुणांनी हरले आणि संध्याकाळी सरांनी पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. "तू तिकडंच राहतोस ना, बघ जरा खरं आहे का," ताई म्हणाली.

मेसेज असा: 'अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठाचे महान फुटबॉल कोच नूट रॉकनी! चेंडू पुढे फेकण्याच्या पासचा शोध त्यांनी लावला. तेरा वर्षांत एकही सामना हरले नाहीत, कारण हरणाऱ्याला त्यांच्या संघात जागा नव्हती. मरणाऱ्या खेळाडूला दिलेला शब्द त्यांनी दुसऱ्याच दिवशी मैदानात खरा केला. त्यांच्यानंतर विद्यापीठाला एकही राष्ट्रीय विजेतेपद नाही. त्यांचा १०५ विजयांचा विक्रम आजही अबाधित!' पुढे हात जोडलेले, आणि खाली सरांची स्वतःची ओळ: 'यातून काही शिका.'

शिकू या की. (हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, ज्यात चेंडू हाताने फेकतात आणि झेलतात.) मी शिकागोजवळ राहतो, नोटर डेमचं साऊथ बेंडमधलं मैदान इथून दोनेक तासांवर आहे. पण त्याचीही गरज नव्हती. विद्यापीठ स्वतःच प्रत्येक मोसमाचे निकाल तारीखवार छापतं. मी फक्त ते उघडून बसलो.

एकही सामना हरले नाहीत? रॉकनी १९१८ ते १९३० मुख्य कोच होता. १०५ विजय, १२ पराभव, ५ बरोबरी. बारा! त्यातले चार एकट्या १९२८ मधले. नऊ सामने, पाच जिंकले, चार हरले. विस्कॉन्सिनने हरवलं, जॉर्जिया टेकने हरवलं, आणि मोसम संपता संपता लागोपाठ दोन हरले. कोणीही त्याला हाकललं नाही. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता ठरला, १९३० मध्ये पुन्हा. १९२८ च्या पोरांना त्याने 'तुम्हाला जागा नाही' म्हणून घरी धाडलं असतं, तर १९२९ ला खेळायला कोण उतरलं असतं?

त्याच्या पराभवांतला मला सगळ्यात आवडणारा १९२६ चा. आठ सामने झाले होते, आठही जिंकलेले. नववा पिट्सबर्गला कार्नेगी टेकशी, म्हणजे सगळ्यांच्या मते लिंबूटिंबू. रॉकनीने संघ सहायकाच्या हवाली केला आणि स्वतः शिकागोला आर्मी-नेव्हीचा, म्हणजे लष्करी आणि नौदल अकादमींच्या संघांचा, सामना बघायला गेला. निकाल: ०-१९. त्या मोसमातला हा एकमेव पराभव, आणि मुख्य कोच दुसऱ्या गावात प्रेक्षक म्हणून बसलेला! सर, हा प्रसंग तुमच्या मेसेजात का नाही? शिकण्यासारखं सगळ्यात जास्त यातच आहे, फक्त ते पोरांनी शिकायचं नाही.

आता तो मरणाऱ्या खेळाडूचा शब्द. तो खेळाडू, नोटर डेमचा जॉर्ज गिप, गेला डिसेंबर १९२० मध्ये. 'गिपसाठी एक सामना जिंका' हे रॉकनीचं प्रसिद्ध भाषण झालं १० नोव्हेंबर १९२८ ला, न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये, आर्मीविरुद्धच्या सामन्यात. 'दुसऱ्याच दिवशी' नव्हे, जवळजवळ आठ वर्षांनी. गिप अखेरच्या घटकेला खरंच तसं काही बोलला का, याबद्दल इतिहासकारांना दाट शंका आहे. सामना १२-६ असा जिंकला, हे मान्य. आणि बरोबर एका आठवड्याने त्याच कार्नेगी टेकने घरच्या मैदानात येऊन २७-७ ने धुतलं. भाषणाचा अंमल सात दिवस टिकला म्हणायचा.

पासचा शोध वगैरे काही नाही. १९०५ साली या खेळात पोरं मरायला लागली म्हणून नियम बदलले आणि १९०६ पासून पुढे पास द्यायला परवानगी मिळाली. पहिला वैध पास त्याच सप्टेंबरात सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने फेकला. रॉकनी नोटर डेमला आला १९१० मध्ये. हां, एवढं मात्र खरं की १९१३ च्या उन्हाळ्यात सीडर पॉइंटच्या वाळूत गस डोरेसने फेकायचं आणि रॉकनीने झेलायचं, असा सराव त्या दोघांनी केला, आणि त्या नोव्हेंबरात आर्मीला ३५-१३ ने हरवल्यावर देशाचं लक्ष पासकडे गेलं. पण तेव्हा तो खेळाडू होता. कोच होता जेसी हार्पर, ज्याचं नाव कुठल्याच फॉरवर्डमध्ये येत नाही.

नंतर एकही विजेतेपद नाही, हे लिहिणाऱ्याने मैदानाला एक फेरी मारावी. प्रवेशदारांपाशी विजेत्या कोचांचे पुतळे आहेत. फ्रँक लेहीने चार विजेतेपदं मिळवली, रॉकनीच्या तीनपेक्षा एक जास्तच. मग पार्सेगियनची दोन, डिव्हाइनचं १९७७ चं, होल्ट्झचं १९८८ चं.

राहिला १०५ चा विक्रम. इथे नाइलाजाने थोडं झुकावं लागतं. नोटर डेमचा नंतरचा कोच ब्रायन केली याने २०२१ मध्ये १०६ वा सामना जिंकला, सगळीकडे गाजला. पण २०१२ आणि २०१३ मधले त्याचे २१ विजय खेळाडूंच्या अभ्यासातल्या गैरप्रकारापायी एनसीएए या नियामक संस्थेने रद्द केलेले आहेत. म्हणजे कागदोपत्री रॉकनीच पुढे. घ्या, एक वाक्य तुमचं.

भाच्याला मी १९२८ च्या नऊ निकालांचा फोटो पाठवला. बराच वेळ काही नाही. मग त्याचा प्रश्न आला, "मामा, २७-७ म्हणजे कबड्डीत किती रे?"

"दोन लोण तरी चढले असतील," मी लिहिलं.

"आमच्यावर एकच चढला होता."