‘अननोन सिम्बॉल’ आलं की फॉरमॅट मारा म्हणे!

परवा भुसावळहून ताईचा फोन. “तुझा भाचा लॅपटॉप पुसायला बसलाय. घरभरणीचे सगळे फोटो त्यातच आहेत. ये ना भाऊ लवकर.” जळगावहून जाऊन पाहतो तर पेनड्राइव्हवर नवं उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) तयार. कॉलेजच्या ग्रुपवर आलेला मेसेज म्हणत होता: मॉड्यूल (कर्नलला जोडायचा ड्रायव्हरसारखा तुकडा) घालताना ‘अननोन सिम्बॉल’ (हवं ते फंक्शन सापडलं नाही) ही एरर आली म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) खराब. मॉडप्रोबला (मॉड्यूल चढवणारी कमांड) फोर्स, म्हणजे जबरदस्तीचा पर्याय, लावा, नाहीतर मित्राच्या मशीनवरची .केओ (मॉड्यूलची) फाइल आणा, नाहीतर मॉड्यूलमधल्या लायसन्सच्या ओळीत जीपीएल (खुल्या सोर्सचं लायसन्स) लिहा, आणि कशानेच जमलं नाही तर फॉरमॅट.

कर्नल खराब? अरे, डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, तरी वाच! ठिबकच्या प्रोजेक्टसाठी त्याने आर्डुइनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाचा क्लोन जोडला होता आणि त्याच्या यूएसबी चिपच्या ड्रायव्हरची, सीएच३४१ची, फाइल इन्समॉड या कमांडने घातली होती. लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं: यूएसबी_सिरियल_रजिस्टर_ड्रायव्हर्स, एरर -२. -२ म्हणजे ‘सापडलं नाही’, एवढंच. हे फंक्शन यूएसबीसिरियल या दुसऱ्या मॉड्यूलमध्ये असतं आणि ते आधी चढलेलंच नव्हतं. इन्समॉड अवलंबित्व बघत नाही, सांगितलेली एकच फाइल घालतं. मॉडप्रोब मात्र डेपमॉड कमांडने बनवलेली मॉड्यूल्स.डेप ही अवलंबित्वांची यादी वाचून आधीचं आधी चढवतं. ‘मॉडप्रोब सीएच३४१’ एवढं टाइप केलं, बोर्ड दिसला. चहा व्हायचा होता अजून.

आता तो फोर्स. खरा राग त्याचाच. मॉडप्रोबचं मॅन्युअल उघडा. त्यात लिहिलंय की हा पर्याय मॉड्यूलमधली आवृत्तीची माहिती काढून टाकतो, या तपासण्या तुमच्याच संरक्षणासाठी आहेत आणि काय करतोय हे माहीत नसेल तर हे धोक्याचं आहे. म्हणजे नसलेलं फंक्शन फोर्सने पैदा होत नाही, फक्त गेटवरचा वॉचमन हटतो. एखाद्या स्ट्रक्चरमधली (कर्नलच्या डेटाच्या साच्यातली) फील्ड्स नव्या कर्नलमध्ये सरकलेली असतील, तर जबरदस्तीने घातलेलं मॉड्यूल भलत्याच जागी लिहितं. मशीन लगेच अडकलं तर नशीब. न अडकता डेटा नासत राहिला तर कळणारही नाही. शिवाय ‘माझं फोर्सने चाललं’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं काम नुसत्या मॉडप्रोबने झालेलं असणार. आधी इन्समॉड करत होते, मग मॉडप्रोबवर आले, श्रेय मात्र फोर्सला!

मित्राची फाइल? त्याचा आणि तुझा ‘यूनेम -आर’ (कर्नलची आवृत्ती सांगणारी कमांड) एकच नसेल तर सोडून दे.

जीपीएलच्या ओळीने एरर कधी कधी जाते, हे नाइलाजाने मान्य. काही सिम्बॉल्स एक्सपोर्ट_सिम्बॉल_जीपीएलने दिलेली असतात, ती जीपीएल नसलेल्या मॉड्यूलला दिसतच नाहीत. मॉड्यूल तुझं स्वतःचं असेल आणि खरंच जीपीएलखाली देत असशील तर लिही. दुसऱ्याच्या बंद ड्रायव्हरवर ती ओळ चिकटवणं म्हणजे खोटा सातबारा.

राहिला फॉरमॅट. हवं ते फंक्शन कर्नलने मॉड्यूलना देणंच बंद केलं असेल तर फॉरमॅटने काय होणार? कॅलसिम्स_लुकअप_नेम हे फंक्शन २०२० सालच्या ५.७ कर्नलपासून मॉड्यूलना मिळत नाही. प्रॉकमधल्या कॅलसिम्सच्या, म्हणजे कर्नलमधल्या नावांच्या, यादीत ते दिसतं, म्हणून पोरं गोंधळतात. पण यादीत असणं वेगळं आणि एक्सपोर्ट असणं, म्हणजे मॉड्यूलना वापरायला मिळणं, वेगळं. तिथे ड्रायव्हरचा सोर्सच बदलावा लागतो. तेच नवं कर्नल दहा वेळा टाकलं तरी डीमेसेजमध्ये तीच ओळ येईल.