निनावी नोंद आणि नावानिशी तक्रार
विद्यापीठातील गैरवर्तन व भेदभावाविरुद्ध दाद कशी मागावी, यावरचा लेख वाचला. त्यात दाद मागण्याचे मार्ग नीट सांगितले आहेत. मात्र निनावी नोंद, म्हणजे स्वतःचे नाव न देता विद्यापीठाला घडला प्रकार कळवणे, आणि नावानिशी केलेली तक्रार यांतील फरक अधिक ठळक व्हायला हवा होता. निनावी नोंदीवरून सहसा कोणा एकावर कारवाई होत नाही, कारण आरोपाचा तपशील कळल्याशिवाय समोरच्याला आपली बाजू मांडता येत नाही. पण एकाच विभागातून अशा नोंदी वारंवार आल्या, तर प्रशासन त्यांची दखल घेऊ शकते. तक्रार न करताही समुपदेशन घेता येते, हे माझ्या एका सहकारी संशोधिकेला वर्षभर कोणी सांगितलेच नव्हते. तिने वहीच्या मागच्या पानांवर तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावे टिपून ठेवली होती. पुढे चौकशीत तीच पाने कामी आली.